अरुंद तारेचा इतिहास: वर्धा जिल्ह्यातील तार, टेलिफोन, व्हिडिओ आणि इंटरनेट

वर्धा जिल्ह्यात विजेच्या तारेवरून निरोप धावू लागले ते रेल्वेबरोबर. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा झाला. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी जिल्ह्याचे मुख्य ठाणे वसवण्यात आले आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वर्ध्यावरून नागपूरला पोहोचला. रुळांच्या कडेने तारेचे खांब आले. रेल्वेला तार हवी होती ती आधी स्वतःसाठी, कारण एकेरी मार्गावर समोरून गाडी सुटली आहे की नाही हे कळल्याशिवाय पुढची गाडी सोडता येत नसे. १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळसा खाणींकडे फाटा निघाला आणि हिंगणघाटच्या नामांकित कापसाचा बाजारही तारेला जोडला गेला. मुंबईचा भाव बैलगाडीच्या वाटेने कळायला दिवस लागत, तो आता काही तासांत कळू लागला.

तेव्हापासून आज मोबाइलवर पाहिल्या जाणाऱ्या व्हिडिओपर्यंत अडचण एकच राहिली आहे. पाठवायचे असते पुष्कळ आणि वाट असते अरुंद. संगणकांचे जाळे आणि डिजिटल व्हिडिओ यांतल्या ज्या संज्ञा नवख्याला घाबरवतात, त्यांतल्या बहुतेक या अडचणीवर काढलेल्या तोडग्यांची नावे आहेत. ते तोडगे कोणत्या क्रमाने आले हे एका जिल्ह्याच्या इतिहासात पाहिले, तर संज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत.

तारयंत्र 'कडकट्ट' असा आवाज करी. त्याला अक्षरे ठाऊक नव्हती. मोर्सच्या लिपीत प्रत्येक अक्षर म्हणजे टिंब आणि रेघांची एक जोडणी, आणि मध्ये ठरावीक शांतता. मोजक्या, एकमेकांपासून स्वच्छ वेगळ्या खुणांत निरोप बसवायचा, हेच डिजिटल या शब्दाचे मूळ. आजचे संगणक दोनच खुणा वापरतात, शून्य आणि एक. अशा एका खुणेला बिट म्हणतात आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. मोर्सच्या लिपीत आणखी एक शहाणपण होते. इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या 'ई' या अक्षराला नुसते एक टिंब दिलेले होते आणि क्वचित येणाऱ्या अक्षरांना लांबलचक जोडण्या. वारंवार येणाऱ्या गोष्टीला आखूड खूण दिली की एकूण निरोप लहान होतो. माहिती दाबून लहान करण्याची ही क्रिया, म्हणजे कॉम्प्रेशन, आजही याच तत्त्वावर चालते.

तारेचे पैसे शब्दांच्या संख्येवर पडत, म्हणून लोकांनीही आपापल्या परीने शब्द दाबले. कापसाच्या व्यापारात जगभर सांकेतिक कोश वापरले जात. पाठवणारा आणि घेणारा या दोघांकडे तोच कोश असे आणि एका शब्दात अख्खा सौदा सांगता येई. पुढे भारताच्या तारखात्याने शुभेच्छांसाठी क्रमांक ठरवून दिले. दिवाळीच्या शुभेच्छांचा क्रमांक १ होता. तार करणाऱ्याने क्रमांक निवडायचा, तारेवरून तेवढाच जायचा आणि पोहोचलेल्या कागदावर मात्र पूर्ण वाक्य उमटायचे. यात काहीच हरवत नाही. जेवढे पाठवले तेवढे पलीकडे जसेच्या तसे मिळते, म्हणून याला अक्षत किंवा लॉसलेस कॉम्प्रेशन म्हणतात. संगणकावर झिप केलेली फाइल हेच करते. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तिची ही युक्ती प्रत्येक फोनमध्ये जिवंत आहे.

टेलिफोनने तारेची वाट बदलली. त्यावरून टिंबे-रेघा जात नव्हत्या. आवाजाच्या चढउताराबरोबर विजेचा प्रवाह तसाच चढत-उतरत असे. याला अॅनालॉग म्हणतात. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात गांधीजींच्या काळचा असा एक टेलिफोन आजही पाहायला मिळतो. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी तातडीने संपर्क साधता यावा म्हणून सरकारने तो बसवून दिला होता. आश्रम पाहायला येणाऱ्यांना तो 'हॉटलाइन' म्हणून दाखवला जातो. साध्या मातीच्या भिंती, कुडाची कामे, चरखे आणि त्यांत साम्राज्याच्या राजधानीशी जोडलेले हे यंत्र. वर्ध्याच्या दळणवळणाच्या इतिहासातली याहून बोलकी वस्तू दुसरी नाही.

त्या काळच्या दूरच्या बोलण्यात ऑपरेटर मध्ये असे. तो फळ्यावरच्या एका भोकातली दोरी दुसऱ्या भोकात खोचून दोन तारा प्रत्यक्ष जोडी. बोलणे संपेपर्यंत ती पूर्ण वाट त्या दोघांचीच. कोणी गप्प बसले तरी ती अडलेलीच. या पद्धतीला सर्किट स्विचिंग म्हणतात. पुढेही कित्येक वर्षे वर्ध्याहून मुंबईला बोलायचे तर ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहावी लागे, कारण मधल्या मार्गावर मोजक्याच वाटा होत्या. घाई असेल तर जास्त पैसे भरून 'अर्जंट' आणि त्याहून जास्त भरून 'लाइटनिंग' कॉल मागता येई. रांगेत कोणाला पुढे काढायचे याच्या या नियमांना आजच्या जाळ्यात सेवेची प्रतवारी म्हणतात. ऑफिसच्या जाळ्यात व्हिडिओ कॉलला फाइल उतरवण्याच्या आधी वाट द्यायची सोय असते, ती हीच.

टेलिफोनच्या तारेवर माणसाच्या आवाजातला साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा सोडला जात असे. बोलणे कळायला तो पुरतो, पण 'स' आणि 'फ' यांसारखे ध्वनी ओळखू येतात ते त्यांच्या उंच कंपनांवरून, आणि ती कापली जात. म्हणूनच फोनवर नाव सांगताना 'ससा'तला स, 'फणसा'तला फ असे सांगावे लागे. या पट्ट्याच्या रुंदीला बँडविड्थ म्हणत. आज हा शब्द सर्रास 'दर सेकंदाला किती बिट जाऊ शकतात' या अर्थाने वापरला जातो. दोन्ही अर्थांचा संबंध घट्ट आहे, कारण पट्टा जितका रुंद तितके जास्त बिट त्यात मावतात.

पण निरोप वेगाने जाणे आणि योग्य ठिकाणी जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा धडा वर्धा जिल्ह्यानेच देशाला ठळकपणे दिला. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीतून जवळच्या शेगाव या खेड्यात राहायला गेले. पाहता पाहता त्या खेड्याच्या नावाने देशातून आणि परदेशांतून टपालाचा ओघ सुरू झाला. पण मुंबई-नागपूर याच रेल्वेमार्गावर बुलढाणा जिल्ह्यातले शेगाव हे त्याहून प्रसिद्ध स्टेशन होते, गजानन महाराजांचे. पत्रे आणि तारा तिकडे जाऊ लागल्या. अखेर १९४० मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावचे नाव सेवाग्राम झाले. त्या नावात आश्रमाचा हेतू होताच, पण व्यवहाराचे कारणही खरे होते: एका जाळ्यात दोन ठिकाणांचा पत्ता सारखा असला तर जाळे चालत नाही.

डाकखात्याने या अडचणीवर पक्का उपाय काढायला आणखी ३२ वर्षे गेली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर, मराठी माणूस आणि संस्कृतचे नामवंत कवी. सेवाग्रामचा पिन ४४२१०२, बुलढाण्यातल्या शेगावचा ४४४२०३. या आकड्यांची रचना पाहण्यासारखी आहे. मुंबईतल्या पत्रे निवडणाऱ्याला सेवाग्राम कुठे आहे हे माहीत असण्याची गरजच उरली नाही. ४४ दिसले की विदर्भाकडची थैली. त्यापुढे ४४२ दिसले की वर्धा-चंद्रपूरची बाजू. शेवटचे तीन आकडे फक्त शेवटी उपयोगी पडतात. प्रत्येक टप्प्यावर पत्त्याचा सुरुवातीचा थोडा भाग वाचायचा आणि पुढे ढकलायचे.

इंटरनेट नेमके असेच चालते. जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता असतो. जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही ४ मध्ये, तो ० ते २५५ मधले चार आकडे मिळून होतो. दोन जाळी जिथे मिळतात तिथे बसलेले राउटर नावाचे यंत्र पत्त्याचा सुरुवातीचा भाग वाचते, तो कोणत्या बाजूचा आहे हे आपल्या यादीत पाहते आणि तिकडच्या तारेवर सोडते. पूर्ण मार्ग कोणत्याच एका राउटरला ठाऊक नसतो, आणि असण्याची गरजही नसते. असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. १९८१ मध्ये ही रचना ठरली तेव्हा ते अमाप वाटले, पुढे ते अपुरे पडले. म्हणून घराघरांतली यंत्रे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे खासगी पत्ते घेऊन बसतात. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता हा तसाच, घरातल्या घरात चालणारा. कायमचा उपाय म्हणून १२८ बिटांचे आयपीव्ही ६ आले आणि ते हळूहळू जुन्याची जागा घेत आहे.

माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. म्हणून नाव सांगितले की आकडी पत्ता शोधून देणारी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, १९८३ मध्ये तयार झाली. तिचा कडक नियम असा की पूर्ण नाव जगात एकदाच देता येते. दोन शेगावांचा घोटाळा तिथे होऊच शकत नाही. २०१४ पासून देवनागरीत '.भारत' असे शेवट असलेली नावेही नोंदवता येतात.

राउटरमधून जे पुढे ढकलले जाते त्याला पॅकेट म्हणतात. सबंध तार एका बोलण्यासाठी अडवून ठेवण्यापेक्षा निरोपाचे लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता व क्रमांक घालावा आणि सगळ्यांचे तुकडे एकाच तारेवरून मिसळून सोडावेत, ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे मांडली. ऑक्टोबर १९६९ मध्ये अर्पानेट या अमेरिकी संगणक-जाळ्यावरून पहिला निरोप गेला.  पलीकडे पोहोचलेले तुकडे क्रमाने लावायचे आणि हरवलेला पुन्हा मागायचा, हे काम टीसीपी नावाच्या नियमावलीचे. १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटने टीसीपी आणि आयपी ही जोडी स्वीकारली, आणि आजचे इंटरनेट तिच्यावरच उभे आहे. थेट बोलण्यात मात्र हरवलेला तुकडा पुन्हा मागण्यात अर्थ नसतो, कारण तो येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते. तिथे बहुधा यूडीपी ही साधी नियमावली वापरतात. ती मागे वळून पाहत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये एखादा शब्द गडप होतो, पण डाउनलोड केलेल्या पुस्तकातले पान गडप होत नाही, याचे कारण हे.

जिल्ह्याच्या सरकारी कामकाजात संगणकांचे जाळे आले ते जमिनीवरून नव्हे, आकाशातून. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात निकनेट उभारताना देशभरची जिल्हा मुख्यालये उपग्रहाने जोडायला घेतली. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या जिल्ह्यांसाठी तो सर्वांत झटपट मार्ग होता. पण भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतो. वर जाऊन खाली यायचे म्हणजे ७२,००० किलोमीटर, आणि प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळपास पाव सेकंद लागतो. प्रश्न जाऊन उत्तर यायचे तर अर्धा सेकंद. निघाल्यापासून पोहोचेपर्यंतच्या या उशिराला लेटन्सी म्हणतात. बँडविड्थ वाढवता येते, पण अंतरामुळे होणारी लेटन्सी कोणत्याही पैशाने कमी होत नाही. 'स्पीड चांगला आहे पण कॉलमध्ये आवाज उशिरा येतो' या तक्रारीत या दोन गोष्टींची गल्लत असते.

याच सुमारास टेलिफोनही आतून डिजिटल होत होता. १९८४ मध्ये सी-डॉट हे सरकारी दूरसंचार संशोधन केंद्र स्थापन झाले आणि त्याची खेड्यांसाठी बनवलेली, धूळ आणि उन्हाळा सोसणारी लहान एक्स्चेंजे १९८६ पासून देशभर बसू लागली. वर्ध्याच्या उन्हाळ्यात वातानुकूलनाशिवाय यंत्र चालणे ही साधी गोष्ट नव्हती. या एक्स्चेंजांत आवाजाचे सेकंदाला ८,००० वेळा माप घेतले जाई आणि प्रत्येक माप आठ बिटांत लिहिले जाई. एका बोलण्याला ६४,००० बिट लागतात, ते असे. एसटीडी-आयएसडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या चौकाचौकांत दिसू लागल्या त्या या बदलाच्या जोरावर.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. लहान शहरांत ते काही वर्षांनी पोहोचले, ते त्याच टेलिफोनच्या तारेवरून. संगणकाचे बिट आवाजाच्या पट्ट्यात बसणाऱ्या सुरांत बदलायचे आणि पलीकडे पुन्हा बिट करायचे, हे काम मोडेमचे. जोडणी होताना येणारी किर्रर्र-टूं अशी किंचाळी म्हणजे दोन मोडेम एकमेकांशी वेग ठरवत असत. चांगल्या मोडेमचा वेग सेकंदाला ५६ किलोबिट, म्हणजे ५६,००० बिट. इथे एक गोष्ट कायमची ध्यानात ठेवावी: जाळ्याचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. ४० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिटच्या, जोडणीवर सेकंदाला ४० मेगाबाइट उतरत नाहीत, पाच उतरतात. कंपनी फसवत नसते, आठाने भागायचे राहिलेले असते.

मजकुरासाठी ५६ किलोबिट पुष्कळ होते. १९९७ मध्ये वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय स्थापन झाले. त्याने पुढे 'हिंदी समय' या संकेतस्थळावर हिंदी साहित्याचा मोठा साठा खुला केला. देवनागरी मजकूर युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत साठवताना प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. 'वर्धा' या शब्दात व, र, हलन्त, ध आणि काना अशा पाच खुणा आहेत, म्हणजे १५ बाइट. रोमन लिपीत हाच शब्द सहा बाइटांत बसतो. तरीही देवनागरीतली अख्खी कादंबरी दोन-तीन मेगाबाइटच्या आत मावते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने या शतकाच्या पहिल्या दशकात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मदतीने रुग्णालय माहिती प्रणाली उभारली. एका इमारतीत किंवा आवारात चालणाऱ्या अशा जाळ्याला लॅन म्हणतात. त्यात स्विच नावाचे यंत्र आवारातल्या संगणकांना आपसांत जोडते, सर्व्हरवर नोंदी राहतात आणि बाह्यरुग्ण विभाग, प्रयोगशाळा, औषधालय इथले संगणक त्या मागून घेतात. बाहेरचे इंटरनेट बंद पडले तरी लॅन चालू राहू शकते. 'नेट गेले' असे म्हणताना नेमके कोणते जाळे गेले हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे.

मजकूर मावतो, चित्र मात्र मावत नाही, आणि हलते चित्र तर मुळीच नाही.

भारताच्या दूरदर्शनचे जुने चित्र पाल पद्धतीचे होते: ६२५ आडव्या ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे. प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात आणि त्या संख्येला फ्रेम रेट. डोळ्याला लुकलुक जाणवू नये म्हणून आधी विषम ओळी आणि मग सम ओळी काढल्या जात, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रे. विजेच्या ५० हर्ट्‌झ पुरवठ्याशी ते जुळणारे होते. या युक्तीला इंटरलेसिंग म्हणतात. १०८०आय यातला 'आय' तो. सगळ्या ओळी एकदम काढल्या तर 'पी', म्हणजे प्रोग्रेसिव्ह. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही रात्रीपुरते भाड्याने आणून चौकात सिनेमा लावण्याची चाल विदर्भातही होती. त्या टेपेवरचे चित्र अॅनालॉग होते. टेपेवरून टेप उतरवली की प्रत्येक नकलेत रंग फिके आणि कडा पुसट होत. डिजिटल नकलेत बिट तेच राहतात, त्यामुळे शंभरावी प्रत पहिलीसारखीच निघते.

डिजिटल चित्र म्हणजे ठिपक्यांची जाळी. ठिपक्याला पिक्सेल म्हणतात आणि आडव्या-उभ्या ठिपक्यांच्या संख्येला रिझोल्यूशन. पालचे डिजिटल रूप ७२० बाय ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल. प्रत्येकाच्या रंगाला २४ बिट धरले आणि सेकंदाला २५ फ्रेम, तर दर सेकंदाला जवळपास २५ कोटी बिट होतात. ५६ किलोबिटच्या तारेवरून असा एक सेकंद पाठवायला सुमारे सव्वा तास लागला असता. सेकंदाला किती बिट खर्च होतात त्याला बिटरेट म्हणतात आणि तो खाली आणणाऱ्या गणिती कृतीला कोडेक.

कोडेक काय करतो हे वर्धा जिल्ह्यात समजावणे सोपे आहे. हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापूस आधी जिनात जातो आणि रुईपासून सरकी वेगळी होते. मग रुई दाबून गाठ बांधतात. मोकळा कापूस भरला तर ट्रक हलकाच राहतो, पण जागा संपते. १७० किलोची गाठ मात्र थोडक्या जागेत बसते. व्हिडिओतही हेच दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात डोळ्याला न जाणवणारी माहिती काढून टाकतात. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला बारीक फरक जितका दिसतो तितका रंगातला दिसत नाही, म्हणून रंगाचे ठिपके कमी ठेवतात. एवढ्यानेच आकार निम्मा होतो. फ्रेमचे लहान चौकोन करून त्यातले अगदी बारीक तपशीलही सोडून देतात. दुसऱ्या टप्प्यात, उरले ते दाबून बांधतात. बातम्या देणारी व्यक्ती बोलत असताना तिच्यामागची भिंत २५ वेळा पाठवण्यात अर्थ नाही. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम, म्हणजे आय-फ्रेम, आणि त्यानंतर फक्त बदललेला भाग. नेहमी येणाऱ्या आकड्यांना आखूड खुणा, मोर्सप्रमाणेच. फरक एवढा की जिनातली सरकी तेलासाठी आणि ढेपीसाठी कामी येते, व्हिडिओतून काढलेली माहिती कायमची जाते. म्हणून याला सक्षत किंवा लॉसी कॉम्प्रेशन म्हणतात. एक्स-रेसारख्या चित्रांना ही कात्री लावताना डॉक्टर म्हणूनच कचरतात: हाडातली केसाएवढी भेग 'न जाणवणारा तपशील' ठरली तर अनर्थ होईल.

वर्ध्याच्या बाजारात हे तंत्र पहिल्यांदा आले ते व्हीसीडीच्या रूपाने. १९९३ च्या या मानकात चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेलचे आणि एमपेग-१ या कोडेकने सेकंदाला सुमारे ११.५ लाख बिटांत दाबलेले. एका सीडीत ७४ मिनिटे मावत, म्हणून हिंदी सिनेमा दोन किंवा तीन सीड्यांत यायचा आणि ऐन रंगात उठून सीडी बदलावी लागायची. पाठोपाठ डीव्हीडी आली, एमपेग-२ घेऊन. पूर्ण ७२० बाय ५७६ चे चित्र त्याच आकाराच्या चकतीवर बसले.

एमपेग-२ नेच केबल आणि डिशचे चित्र बदलले. अॅनालॉग केबलवर एका वाहिनीला सात-आठ मेगाहर्ट्‌झचा पट्टा लागे. तेवढ्याच पट्ट्यात डिजिटल पद्धतीने दहाहून जास्त वाहिन्या मावतात. दूरदर्शनची मोफत डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि जिथे केबलवाला कधी पोहोचलाच नव्हता त्या वस्त्यांच्या छपरांवर छत्र्या दिसू लागल्या. केबलचे सक्तीचे डिजिटायझेशन २०१२ मध्ये महानगरांपासून सुरू होऊन २०१७ मध्ये ग्रामीण भागापर्यंत आले. सेट-टॉप बॉक्स म्हणजे दाबलेली गाठ सोडणारे यंत्र, डिकोडर.

बिघाडाचे रूपही यामुळे पालटले. जुन्या टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या येत, पण त्या मुंग्यांतूनही क्रिकेटचा चेंडू ओळखू येई. डिजिटल चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते, मग एकदम चौकोन चौकोन होऊन गोठते आणि जाते. विदर्भातल्या मुसळधार पावसात डिश बंद पडते ती अशी, कारण उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. दिसणारे चौकोन हे कोडेकने पाडलेलेच चौकोन असतात. बदललेला भाग नीट पोहोचलेला नसतो आणि पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत जुनेच तुकडे पडद्यावर राहतात.

२००३ मध्ये एच.२६४ हा कोडेक आला. एमपेग-२ पेक्षा साधारण निम्म्या बिटांत तो तेवढेच चांगले चित्र देतो. तारेवरून, आणि नंतर मोबाइलवरून, व्हिडिओ पाहणे शक्य झाले ते मुख्यतः यामुळे. पूर्ण फाइल उतरण्याची वाट न पाहता ती येता येता पाहणे म्हणजे स्ट्रीमिंग. फोन पुढचे काही सेकंद आधीच साठवून ठेवतो. त्या साठ्याला बफर म्हणतात. पडद्यावर गोल फिरते तेव्हा साठा संपलेला असतो. हे टाळण्यासाठी एकच व्हिडिओ १४४पी, ३६०पी, ७२०पी अशा निरनिराळ्या बिटरेटच्या आवृत्त्यांत, काही सेकंदांच्या तुकड्यांत ठेवलेला असतो आणि वाट अरुंद झाली की फोन पुढचा तुकडा हलक्या आवृत्तीतला मागतो. चित्र मध्येच धूसर होऊन पुन्हा स्वच्छ होते, ते म्हणून. सप्टेंबर २०१६ नंतर ४जी डेटा स्वस्त झाला आणि खेड्यातला तरुण शेतीचे, परीक्षेचे, कीर्तनाचे व्हिडिओ रोज पाहू लागला. २०२० च्या टाळेबंदीत शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा दुसरी बाजू कळली. बहुतेक जोडण्यांत येणारी वाट रुंद आणि जाणारी अरुंद असते. डाउनलोड पुरेसे असूनही शिक्षकाचे चित्र मुलांपर्यंत अडखळत पोहोचे, कारण अडचण त्याच्या अपलोडमध्ये होती.

रेडिओलहरींचा पट्टा एका टॉवरखालचे सगळे फोन वाटून घेतात, म्हणून शेवटी पुन्हा तारेकडेच यावे लागले. ही तार काचेची. ऑप्टिकल फायबरमधून विजेऐवजी प्रकाश जातो. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली आणि पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणचे एक्स्चेंज हे अशा जाळ्याचे मूळ असते. तिथल्या यंत्राला ओएलटी म्हणतात. त्यातून निघालेला एक धागा वाटेत, विजेची गरज नसलेल्या स्प्लिटरमध्ये, अनेक धाग्यांत वाटला जातो आणि गावातल्या ओएनटी या डब्यापर्यंत जातो. या जीपॉन पद्धतीत एका मूळ धाग्यावर येणारा वेग सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट असतो. ३२ ठिकाणी वाटला आणि सगळ्यांनी एकाच वेळी पूर्ण वापरला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८ मेगाबिट येतात. एरवी सगळे एकदम वापरत नाहीत, त्यामुळे जास्त मिळतो. संध्याकाळी वेग उतरतो तो बहुधा या वाटणीमुळे.

भिंतीवरच्या त्या डब्यावरचे दिवे वाचता आले की निम्मे बिघाड जागेवर कळतात. 'लॉस' हा दिवा लाल असेल तर प्रकाशच पोहोचत नाही: कुठेतरी खोदकामात धागा तुटला आहे किंवा भिंतीजवळ फार वाकला आहे, आणि डबा बंद-चालू करून उपयोग नाही. 'पॉन' हिरवा पण लुकलुकणारा असेल तर डबा तालुक्याच्या यंत्राशी अजून जुळलेला नाही. 'पॉन' स्थिर हिरवा असून फक्त फोनवर नेट नसेल, तर दोष वायफायमध्ये शोधावा. तार थेट संगणकाला लावून पाहिली की ते ठरते. संगणकावर आकडी पत्ता उत्तर देतो पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही, अशी स्थिती असेल तर वाट शाबूत आहे आणि बंद पडले आहे ते नावावरून पत्ता शोधणारे डीएनएस.